टाकीवरचा पोचा

“आता ती तुम्हाला झेपत नाही, म्हणून विकताय ना?”

प्रश्न तसा यारेलीचा नव्हता. पा कू आणि ब्रिन या तिच्या दोघी मैत्रिणींनी तो रस्त्यापलीकडे उभं राहून, एकमेकींना कोपरानं ढोसत, तिच्यासाठी बेतला होता. “विचार. हिंमत असेल तर अस्साच विचार, एक शब्द बदलायचा नाही,” ब्रिन म्हणाली होती, आणि हिंमत तर यारेलीकडे गेल्या सप्टेंबरपासून नुसती उतू चालली होती. त्याआधीची सोळा वर्षं ती स्वतःच्या बुटांशी बोलत आली होती. वर्गात नाव पुकारलं की कान तापायचे. दुकानात सुटे कमी आले तरी मुकाट घेऊन घरी यायची. मग या तिघींचा तो खेळ सुरू झाला. पाळीपाळीनं एकेकीनं अनोळखी माणसाला असा प्रश्न विचारायचा, की जो त्याला कुणीच विचारत नाही. आणि यारेलीला अजब शोध लागला: विचारलं तर आभाळबिभाळ काही कोसळत नाही! शाळेच्या उपमुख्याध्यापकांना तिनं विचारलं होतं, सर, मिशा रंगवता का? बसच्या ड्रायव्हरला विचारलं होतं, कधी स्वतःचाच स्टॉप चुकलाय का हो? दोघंही खो खो हसले होते, आणि त्या हसण्यावर तरंगत तरंगत ती इथवर आली होती, मे महिन्यातल्या शनिवारी दुपारी, मिस्टर वोयताल यांच्या दारात, विकायला काढलेल्या त्या बुटक्या, लांबलचक, तांबड्या-काळ्या क्रूझर मोटारसायकलसमोर. मिस्टर वोयताल मात्र हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. मोठं नाही, बंद खिडकीचा पडदा आतून कुणी बोटभर सारावा एवढंच.

आणि लाज अशी, की यारेली खरोखरीची गिऱ्हाईक होती. नुसती टिंगल करायला आली असती तर निदान तेवढ्यावर भागलं असतं. दोन आठवडे ती त्या गाडीवरून, म्हणजे गाडीवरच्या पुठ्ठ्याच्या पाटीवरून, शाळेतून जाता-येता नजर फिरवत होती. तीस वर्षांची जुनी, याच शहरात, मिलवॉकीतच बनलेली, सीट इतकं खाली की पाच फुटी यारेलीचे दोन्ही तळवे जमिनीला पुरावेत. कस्टर्डच्या, म्हणजे इथल्या आइस्क्रीमच्या, दुकानात दीड वर्ष शनिवार-रविवार राबून साठवलेले पैसे पाटीवरच्या आकड्याला जेमतेम पुरत होते. मोटारसायकल शिकवणाऱ्या वर्गात ती पहिली आली होती. सगळं जमून आलं होतं. फक्त जाऊन नीट चार गोष्टी विचारायच्या होत्या. टायर कधी बदलले, थंडीत पटकन सुरू होते का. आणि ती काय विचारून बसली?

“झेपत नाही?” मिस्टर वोयताल म्हणाले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, धुतलेला चौकड्यांचा शर्ट, हातात गाडी पुसायचं फडकं. “कोण म्हणतं?”

“कुणी नाही, मी आपलं…”

“एकतीस वर्षं असल्या गाड्यांची इंजिनं बसवलीत मी, पोरी. ह्या हातांनी. आणि ही मला झेपत नाही?”

त्यांनी फडकं पायरीवर टाकलं आणि पाय उचलला. पहिल्यांदा तो सीटवरून पलीकडे गेलाच नाही. दुसऱ्यांदा गेला. रस्त्यापलीकडून ब्रिनचं दाबलेलं हसू ऐकू आलं. तिचा फोन वर होता, सगळं टिपत होता. मिस्टर वोयतालांनी हँडल धरून गाडी स्टँडवरून सरळ केली, आणि एक क्षण, हे यारेलीला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, तो माणूस आणि ते यंत्र इतकं नीट एकमेकांत बसलं, की प्रश्न आपोआप खोटा ठरला. तेवढ्यावर ते थांबले असते तर! पण त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं का, हे पाहिलं. हिवाळ्यात बर्फावर टाकलेल्या रेतीचा थर अजून दारापुढच्या उतारावर उरला होता. त्यावर त्यांचा उजवा पाय हळूच सरकला. गाडी धाडकन पडत नाही. ती टेकायला लागते, माणसाला वाटतं अजून सावरेल, आणि तेवढ्या वेळात तिचे सगळेच्या सगळे दोनशे तीस किलो एका बाजूला येऊन बसतात. टाकी पायरीच्या सिमेंटच्या कडेवर आदळली. मोठ्या पातेल्यावर झाकण पडावं तसा आवाज झाला. मिस्टर वोयताल बाजूच्या गवतात बसले होते, लहान मूल बसतं तसे, पाय पसरून, एका हातानं दुसरं मनगट धरून.

लागलं का, हे विचारायचं राहिलंच. पाळी तिची होती, प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि नेमका हाच एक प्रश्न तिला सुचला नाही. सुचलं ते वेगळंच. वर्गात शिकवलेलं. स्टँड आधी बाहेर काढायचा, हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून सीटला ढुंगण टेकायचं, एक हात हँडलला, एक मागच्या सळईला, आणि जोर कंबरेवर न घेता पायांवर घेत उलट्या पावलांनी लहान लहान चालत जायचं. शिक्षकांनी चार धिप्पाड बाप्यांसमोर तिच्याकडून हे करवून घेतलं होतं, बघा, ताकद लागत नाही, डोकं लागतं. आणि तिनं ते केलं. चार पावलांत गाडी उभी. स्टँडवर. रस्त्यापलीकडे आरोळी उठली, “वाघीण गं वाघीण!” पा कूनं दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली. शेजारचा माणूस अंगणाला पाणी घालत होता, तो पाइप हातात धरून बघतच राहिला. यारेली वळली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं. तिला ते जाणवलं, गालांवर पसरलेलं, पण ते मागं घ्यायला वेळ मिळाला नाही.

कारण या भागात हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं: परक्याच्या गाडीला न विचारता हात लावायचा नसतो. आणि पडलेल्या गाडीला तर नाहीच. गाडी पडली की आजूबाजूच्यांनी आभाळाकडे बघायचं, हवा कशी आहे ते बोलायचं, सिगारेट पेटवायची. मालक उठेल, पँट झटकेल, एकदा स्वतः उचलून बघेल, आणि मग कुणाकडेही न बघता म्हणेल, जरा हात दे रे. तोवर कुणी हलत नाही. यारेलीला हे माहीत होतं. ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

मिस्टर वोयताल उठले. टाकीवरून डावा हात फिरवला. मुठीएवढा पोचा पडला होता, रंग फाटून आतला करडा पत्रा दिसत होता. मग ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “निम्म्यात घेऊन जा.”

“अं?”

“पाटीवर बत्तीसशे डॉलर आहेत. सोळाशे दे. उचललीस ना? मग तुझीच झाली.”

हे काही प्रेमानं म्हटलेलं नव्हतं.

संध्याकाळी कस्टर्डच्या दुकानात ती कोन भरत होती, आणि प्रत्येक कोन पुढे करताना आपलंच मनगट तिला दिसत होतं. गोल, धड, न दुखणारं. गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत गेली होती. हवा जरा तापली की या शहराला दम निघत नाही. मधल्या पाच मिनिटांच्या सुट्टीत ती मागच्या दारात पिंपांशेजारी उभी राहिली आणि फोन काढला. ब्रिनला तिनं ते चित्रण ताबडतोब पुसायला लावलं होतं, डोळ्यांदेखत, चढ्या आवाजात. पण पुसण्याआधी स्वतःकडे पाठवायला लावलं होतं. कशाला? ब्रिननं विचारलं नाही, आणि यारेलीनं स्वतःलाही विचारलं नाही. आता ती बघत होती. पहिल्या चार वेळा तिनं फक्त स्वतःला पाहिलं. पाठ कशी सरळ होती, पावलं कशी नेमकी पडली. पाचव्या वेळी तिची नजर कडेला गेली, चौकटीच्या अगदी काठाला, आणि तिथं मिस्टर वोयताल होते. गवतात बसलेले. त्यांचे दोन्ही हात पुढं आले होते, दुखरासुद्धा, आणि गाडी जशी वर येत होती तसे ते हात हवेत वर वर येत होते, नुकतं चालायला लागलेल्या मुलाच्या मागं धरावेत तसे. गाडी उभी राहिली तेव्हा ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळलं नाही. त्यांनी ते मांड्यांखाली घातले.

ती नऊ वर्षांची असताना अपाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, कण्याचं ऑपरेशन झालं होतं. जानेवारी होता. एका सकाळी शेजारच्या सत्तरीच्या बाई आपलं बर्फ उडवायचं यंत्र घेऊन आल्या आणि यांच्या दारासमोरचा फुटपाथ सपासप साफ करून गेल्या. चांगल्या मनानं केलं होतं; अमानं, म्हणजे आईनं, दुसऱ्या दिवशी त्यांना मक्याच्या तमालेंचा डबाही पाठवला. पण अपा बराच वेळ खिडकीत उभे होते. मग झोपायच्या पायजम्यावर कोट चढवून ते बाहेर गेले, फावडं घेतलं, आणि कडेला ढीग लागलेला बर्फ परत फुटपाथवर पसरला. सगळा. नीट, सारखा. आणि मग, एक हात कमरेवर ठेवून, तो फावड्या फावड्यानं उचलून पुन्हा कडेला टाकला. दोन तास लागले. यारेली काचेला नाक लावून बघत होती, तेव्हा अमानं मागून तिच्या स्वेटरची कॉलर धरली आणि तिला आत ओढलं. “बघू नकोस,” एवढंच ती म्हणाली. त्या दोन शब्दांत सगळं होतं. कुणी कधी कुठं काय बघायचं नसतं, याचं शिक्षण यारेलीला नवव्या वर्षीच मिळालं होतं. आणि आठ वर्षांनी ती भर रस्त्यासमोर, आरोळ्या-शिट्ट्यांच्या गजरात, एका म्हाताऱ्या माणसाचा बर्फ उडवून आली होती.

पण खरी लाज ही नव्हेच. कोनवर कोन भरताना ती हळूहळू त्या खऱ्या लाजेपाशी आली, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तशी. प्रश्न विचारला, तो मैत्रिणींनी भरीला घातलं म्हणून. गाडी उचलली, ती धांदलीत. हसू आलं, ते आपोआप. प्रत्येकाला काही ना काही निमित्त होतं. पण ‘निम्म्यात घेऊन जा’ हे शब्द कानावर पडले तेव्हा, पोच्याकडे बघता बघता, तिला आनंद झाला होता. लख्ख, झटकन, काडी पेटावी तसा. सोळाशे वाचले! जाकीट येईल, चांगलं हेल्मेट येईल. तो माणूस मनगट धरून उभा होता आणि तिच्या डोक्यात जाकिटाचा रंग ठरत होता. हे कुणी पाहिलं नव्हतं. ब्रिनच्या फोनलाही ते दिसलं नव्हतं. चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाला पुसायला लावता येत नव्हतं.

आता करायचं काय? निम्म्यात घ्यावी, तर त्यांच्या पडण्यावर आपला नफा. पूर्ण पैसे पुढं करावेत, तर ती भीक; त्यांनी ते पैसे तोंडावर फेकले असते, आणि फेकायलाच हवे होते. घेऊच नये, तर? हा मार्ग सगळ्यात सोज्वळ दिसत होता, आणि म्हणूनच तिला त्याचा संशय आला. पोचा पडलेली गाडी त्यांच्या दारात उभी राहील, येणारा-जाणारा बघेल, आणि आपण मात्र दुसऱ्या वाटेनं शाळेत जाऊ लागू, स्वच्छ हातांनी. शिवाय, हेही तिनं मनात कबूल केलं, तिला ती गाडी हवी होती. अजून. एवढं होऊनसुद्धा. मागं उलट्या पावलांनी चालताना सीटची ऊब पाठीला लागली होती, ती जात नव्हती.

चर्चमध्ये रविवारी नऊची प्रार्थना पोलिश म्हाताऱ्यांची असते आणि अकराची स्पॅनिश. मधल्या वेळात तळघरात दोघांची कॉफी एकच. यारेली हातात डोनट घेऊन खांबाजवळ उभी होती. अपा बाहेर मोटार लावत होते, अमा बायकांच्या घोळक्यात. मिस्टर वोयताल पलीकडच्या टेबलाशी होते, मनगटाला पट्टी बांधलेली, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला लॅरी नावाचा जाडा माणूस, दोन-तीन सोबती घेऊन.

“काय रे क्लेम, हाताला काय केलंस?”

“गॅरेजचं दार लागलं,” मिस्टर वोयताल म्हणाले.

“दार? आणि गाडीपण दारातच सापडली वाटतं? काल तुझ्या घरावरून गेलो मी. टाकीला हा एवढा पोचा!” लॅरीनं मूठ वळून दाखवली. “कुणी पाडली?”

मिस्टर वोयतालांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. या शहरात हा प्रश्न सुटत नाही. रस्ता कुठला, चूक कुणाची, हे मागाहून. आधी, कुणी पाडली. ज्यानं पाडली त्याचं नाव त्या पोच्याला चिकटतं, गाडी तीन हात फिरली तरी चिकटून राहतं, आणि त्याच्या अंत्यविधीच्या जेवणातही कुणीतरी ते काढतंच. टेबलाशी सगळे थांबले होते. यारेलीनं काही ठरवलं नव्हतं.

“मी,” ती म्हणाली.

माना वळल्या.

“मी पाडली. बघायला गेले होते. स्टँडवरून काढली आणि रेतीवर पाय सरकला.”

“हात्तिच्या!” लॅरी टेबलावर थाप मारून म्हणाला. “तरी म्हटलं! अगं बाई, आधी सायकल घे. तिला मागं दोन छोटी चाकं लावून मिळतात.”

“हिच्या वजनाचा तर तिचा सायलेन्सर असेल,” दुसरा म्हणाला. “क्लेम, शाळेतल्या पोरींना बसवतोस होय रे गाडीवर? तू पण कमालच करतोस.”

हशा झाला. यारेलीचे कान तापले, जुने, ओळखीचे, सप्टेंबरच्या आधीचे कान. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की मी वर्गात पहिली आलेय, मी ती एकटीनं उचलली, माझ्याकडे पुरावा आहे, फोनमध्ये आहे, हा बघा. तो फोन तिच्या खिशात मांडीला लागून होता. तिनं डोनटचा मोठा घास घेतला आणि तोंड भरून टाकलं.

“टाकी काठोकाठ भरलेली होती,” मिस्टर वोयताल कपाकडे बघत म्हणाले. “भरल्या टाकीनं कुणाचाही तोल जातो.”

“तू आता तिची बाजू घेणार!”

“जातो म्हणजे जातो. तुझा नव्हता गेला?”

मग हशा लॅरीवर उलटला. थोड्या वेळानं मिस्टर वोयताल उठले आणि जिन्याकडे जाताना तिच्याजवळ थांबले. ते खूश असतील, निदान मऊ झाले असतील, असं तिला वाटलं होतं. तसं काही नव्हतं.

“तुला कुणी सांगितलं होतं?” ते हळू आवाजात म्हणाले.

“कुणी नाही.”

“कालही कुणी सांगितलं नव्हतं.”

आणि कठडा धरून ते वर गेले, एकेक पायरी. यारेली तिथंच उभी राहिली. खरंच की. पुन्हा तेच केलं होतं. लोकांसमोर, न विचारता, त्यांचं पडलेलं काहीतरी तिनं उचललं होतं. फक्त या वेळी शिट्ट्या वाजल्या नव्हत्या. एवढ्यानं फरक पडतो का, हे तिला कळेना. पण ते ‘नाही, ती नाही, मी पाडली’ असंही म्हणाले नव्हते. त्यांनी ते तिच्या खांद्यावर राहू दिलं होतं, रागानं का होईना. आणि अकराच्या प्रार्थनेत, सगळे गुडघ्यावर असताना, तिला एकदम उमगलं: मी पाडली असेल तर नुकसान माझंच. मग निम्मी किंमत कसली? ज्यानं मोडलं त्यानं भरायचं. ते पैसे आता त्यांना परत फेकता येणार नाहीत; भीक म्हणून नाही, दया म्हणून नाही, चोख हिशेबानं द्यायचे. जाकीट गेलं. हेल्मेट जुनं चालेल. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. नुसतं सरळ वाटलं, एवढंच.

आणखी एक गोष्ट होती, ती घरी जाताना मोटारीच्या मागच्या सीटवर तिला आठवली. सतरा वर्षांच्या मुलीला मोटारसायकलचा परवाना बापाच्या सहीशिवाय मिळत नाही. अपांनी मार्चमध्ये महिनाभर नन्नाचा पाढा लावला होता, आणि मग एके दिवशी म्हणाले होते, “ठीक. सही करीन. पण एक. ज्या दिवशी ऐकलं की तुझ्या हातून गाडी पडली, त्या दिवशी विषय संपला. जी सावरता येत नाही तिच्यावर माझी पोर बसणार नाही.” कागद आज जेवणानंतर भरायचा ठरला होता. त्यावर तिचं नाव तिनंच वळणदार अक्षरात घालून ठेवलं होतं. अमाच्या कानावर बायकांत काहीतरी आलं असणार. ती पुढच्या आरशातून दोनदा मागं बघत होती. घरात तरी खरं सांगावं का? सांगता आलं असतं. अपांनी ऐकून घेतलं असतं, कदाचित तिच्या पाठीवर थापही मारली असती, एकटीनं उचललीस? शाब्बास! त्या शाब्बासकीच्या नुसत्या विचारानं तिला कसंसंच झालं. या एका स्वयंपाकघरात तो म्हातारा पुन्हा गवतात बसला असता, आणि अपांनी त्याला बसलेला पाहिला असता.

अमानं चिलाकिलेसची, तिखट रश्शातल्या मक्याच्या तुकड्यांची, कढई टेबलावर ठेवली. अपांनी बाही वर केली, कागद पुढं ओढला, पेन उघडलं.

“हं. आण, कुठं करायची?”

“थांबा, अपा. आधी ऐका,” यारेली म्हणाली. “अमा, तूपण बस ना जरा. मी मिस्टर वोयतालांची गाडी घेतेय. काल बघायला गेले तेव्हा ती माझ्या हातून पडली, टाकीला पोचा आलाय, म्हणून पैसे पाटीवरचे पूर्ण देणार आहे. पोचा काढून घेणार नाही. कुणी विचारलं तर सांगणार, मी पाडली. तुम्ही काय म्हणाला होतात ते माझ्या लक्षात आहे, तर सही करू नका. खरंच नका करू. अठरा पूर्ण व्हायला अकरा महिने आहेत. तोवर ती मागच्या अंगणात झाकून उभी राहील, आणि मी रोज तिच्यावरून शाळेत चालत जाईन. पण घेणार. उद्या शाळा सुटली की पैसे घेऊन मी त्यांच्याकडे जातेय, एकटी.”